नवशिक्याची स्कूटर: तोल, ब्रेक आणि नजर

मोटारगाडी शिकावयाची असेल तर माणूस एखाद्या शिकवणी-संस्थेत नाव घालतो, शुल्क भरतो आणि पंधरा-वीस दिवस शिक्षकाला शेजारी बसवून रस्त्यावर जातो. स्कूटरच्या बाबतीत असे क्वचितच घडते. थोरला भाऊ, मामा किंवा शेजारी संध्याकाळी मोकळ्या मैदानावर घेऊन जातो, थोडा वेळ मागून धावतो आणि शिकणारा तोल सावरू लागला की किल्ली त्याच्या हाती देऊन मोकळा होतो. ज्याला सायकल येते त्याला एवढे पुरेसे वाटते. परंतु त्या एका संध्याकाळी नवशिका जे शिकतो ते केवळ स्कूटर पुढे नेणे होय. ती ऐन वेळी थोड्या जागेत थांबवणे ही निराळी विद्या आहे. ती पुढे नेण्याच्या सवयीतून आपोआप येत नाही. वेगळी शिकावी लागते. या प्रकरणाचा मुख्य विषय तोच आहे.

या विद्येचे मोल किती आहे हे सरकारी आकडेवारीवरून कळते. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात भारतात रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसे मरण पावली. त्यांपैकी ४४.५ टक्के, म्हणजे जवळजवळ ७५,००० माणसे, दुचाकीवर बसलेली होती. हेल्मेट न घातलेल्या मृतांची संख्या त्या वर्षी ५०,०२९ होती आणि त्यांत मागे बसलेले १४,३३७ होते.

स्कूटरची घडण

स्कूटर म्हणजे छोटी मोटरसायकल नव्हे. तिचा जन्मच निराळ्या हेतूने झाला. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४६ साली, इटलीतील पियाज्जो कंपनीने व्हेस्पा बाजारात आणली. तिचा रचनाकार कोरादिनो दास्कानियो हा मुळात विमानविद्येचा अभियंता. मोटरसायकल त्याला आवडत नसे. कपडे न मळता, पाय पलीकडे न टाकता, कोणासही बसता यावे असे वाहन त्याने कल्पिले. इंजिन मागील चाकाच्या बाजूस पत्र्याखाली झाकले, पुढे पाय ठेवण्यास सपाट जागा सोडली आणि चाके लहान ठेवली. भारतात १९५० च्या दशकात मुंबईत लॅम्ब्रेटाची जुळणी होऊ लागली; पुढे पुण्याजवळ बजाजच्या कारखान्यात व्हेस्पा व १९७२ पासून चेतक तयार होऊ लागली. १९८४ साली आलेल्या कायनेटिक होंडाने गिअर बदलण्याचे व किक मारण्याचे काम चालकाच्या अंगावरून काढून घेतले. आज रस्त्यावर दिसणाऱ्या बहुतेक स्कूटरी, पेट्रोलवरील असोत वा विजेवरील, गिअरविना चालणाऱ्याच आहेत.

या घडणीचे काही परिणाम चालकाला भोगावे लागतात. १० इंची रिमवर टायर बसवला की चाकाचा एकंदर व्यास सुमारे ४३ सेंटिमीटर भरतो. मोटरसायकलचे चाक साधारणपणे ६० सेंटिमीटर किंवा त्याहून मोठे असते. जो खड्डा मोठे चाक अर्धवट ओलांडून जाते त्यात लहान चाक तळापर्यंत उतरते आणि पलीकडच्या काठावर आदळते. हल्ली कित्येक स्कूटरींचे पुढील चाक १२ इंची असते. त्याने फरक पडतो, पण हा दोष नाहीसा होत नाही. दुसरे असे की, मोटरसायकलस्वार पेट्रोलच्या टाकीला गुडघ्यांनी आवळून धरतो. स्कूटरवर गुडघ्यांना धरण्यासारखे काही नसते. म्हणून गाडी एकाएकी मंदावली की शरीर पुढे लोटले जाते, सगळा भार मनगटांवर येतो आणि हँडल नकळत एका बाजूस वळते. नवशिका पडतो तो पुष्कळदा याच कारणाने. पावले सपाट जागेवर घट्ट टेकवून, कोपर किंचित वाकलेले ठेवून आणि कंबर आसनावर मागे घेऊन बसण्याची सवय पहिल्या दिवसापासून लावावी.

पहिले दिवस

सरावास मोकळी, सपाट आणि कोरडी जागा निवडावी. माती किंवा वाळू असलेले मैदान मऊ दिसते म्हणून अनेक जण पसंत करतात. परंतु तेथे टायरला पकड मिळत नाही आणि शिकणाऱ्याच्या मनात ब्रेकविषयी चुकीची भीती बसते. सुटीच्या दिवशी रिकामे असलेले एखादे डांबरी आवार अधिक चांगले.

गिअर नसलेली स्कूटर शिकण्यास सोपी असते हे खरे, परंतु तिच्यात एक विशिष्ट धोका आहे. गिअरच्या स्कूटरमध्ये क्लच दाबला की इंजिन आणि चाक यांचा संबंध तुटतो. गिअर नसलेल्या स्कूटरमध्ये उजवी मूठ फिरवली की गाडी निघते. तिला अडवणारे दुसरे काही नसते. नवशिका घाबरला की जे हाताशी असेल ते घट्ट धरतो. गाडी पुढे उसळली की त्याचे शरीर मागे जाते, उजवे मनगट खाली ओढले जाते, मूठ आणखी फिरते आणि गाडी आणखी जोराने निघते. अशा स्थितीत भिंतीवर अथवा उभ्या गाडीवर जाऊन आदळण्यास दोन क्षण पुरतात. विजेच्या स्कूटरमध्ये तर उभ्या जागेवरूनच मोटर पूर्ण जोर देऊ शकते, आणि इंजिनाचा आवाज नसल्यामुळे गाडी चालू आहे याचीही पूर्वसूचना मिळत नाही. यावरचा उपाय साधा आहे. गाडी चालू करण्यापूर्वी डाव्या हाताने ब्रेक दाबावा व निघेपर्यंत सोडू नये. उजवे मनगट मुठीच्या वर उचललेले न ठेवता हाताच्या सरळ रेषेत किंवा किंचित खाली ठेवावे, म्हणजे शरीर मागे गेले तरी मूठ फिरत नाही. आणि चालू इंजिनाची गाडी हाताने ढकलून कधीही नेऊ नये. उतरण्यापूर्वी किल्ली फिरवून ती बंद करावी.

सुरुवातीला अत्यंत सावकाश, चालण्याच्या वेगाने, सरळ रेषेत जाण्याचा सराव करावा. हे वेगात जाण्यापेक्षा कठीण असते. मूठ अगदी किंचित उघडी ठेवून मागील ब्रेक हलका लावला असता गाडी संथपणे पण स्थिर चालते. नजर पुढील चाकावर न ठेवता पंधरा-वीस मीटर पुढे ठेवावी. जिकडे पाहावे तिकडे गाडी जाते, हा अनुभव प्रत्येक चालकाला येतो. म्हणूनच खड्ड्याकडे टक लावून पाहणारा नेमका खड्ड्यात जातो. खड्डा दिसताच नजर त्याच्या बाजूच्या मोकळ्या रस्त्याकडे वळवावयास हवी, आणि हे बुद्धीला पटले तरी डोळ्यांना सरावानेच जमते.

ब्रेक

भारतात बहुतेकांना दुचाकीची पहिली ओळख सायकलवर होते, आणि तेथेच पुढच्या ब्रेकची धास्ती मनात बसते. पुढचा ब्रेक जोराने दाबला की माणूस हँडलवरून पालथा पडतो, असे मुलांना बजावलेले असते. सायकलच्या बाबतीत या भीतीला आधार आहे, कारण सायकल हलकी व उंच असते. स्कूटर जड व ठेंगणी असते, तिच्यावरील माणूसही खाली बसलेला असतो. तरीही सायकलवरची धास्ती पुढे चालत येते. जुन्या गिअरच्या स्कूटरींमध्ये मागील ब्रेक उजव्या पायाखाली असे. तो दाबणे सोपे, म्हणून पुष्कळ जण आयुष्यभर केवळ त्याच ब्रेकवर गाडी चालवीत.

मागील ब्रेक एकटा का पुरत नाही हे समजून घेणे अगत्याचे आहे. धावत्या बसमध्ये ब्रेक लागला की प्रवासी पुढे झुकतात, तसेच मंदावणाऱ्या स्कूटरचे वजनही पुढील चाकावर झुकते. पुढील टायर रस्त्यावर दाबला जातो व त्याची पकड वाढते. मागील टायर हलका होतो व त्याची पकड कमी होते. म्हणजे ज्या क्षणी मागील ब्रेकवर सर्व भिस्त ठेवावी त्याच क्षणी तो दुबळा होत जातो. तो आणखी दाबला तर मागील चाक फिरायचे थांबते, टायर घसरू लागतो आणि गाडीचे शेपूट बाजूला जाते.

या गोष्टीचा विस्तृत पुरावा अमेरिकेत मिळाला. दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठातील हॅरी हर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लॉस एंजेलिस परिसरातील सुमारे ९०० मोटरसायकल-अपघातांची जागेवर जाऊन बारकाईने तपासणी केली व १९८१ साली अहवाल दिला. धोका दिसल्यानंतर चालकांनी काय केले याचा त्यांनी शोध घेतला. नेहमीचे चित्र असे आढळले की मागील ब्रेक इतका जोराने दाबला गेला होता की चाक घसरले, आणि पुढील ब्रेक मात्र पुरेसा दाबलाच नव्हता. धोका उद्भवल्यापासून टक्कर होईपर्यंत चालकाला मिळणारा वेळ सामान्यतः दोन सेकंदांपेक्षाही कमी होता. त्यांतील ९२ टक्के चालक स्वतःच शिकलेले किंवा घरच्यांकडून अथवा मित्रांकडून शिकलेले होते. अहवाल मोटरसायकलींचा व परदेशातील असला तरी आपल्या मैदानांवरील शिकवणीचे वर्णन करण्यास तो तंतोतंत उपयोगी पडतो. दोन सेकंदांत कोणीही विचार करून ब्रेक लावीत नाही. हातांना जी सवय असेल तेच हात करतात.

अंतराचा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. ताशी ४० किलोमीटर वेग म्हणजे सेकंदाला ११ मीटर. धोका दिसणे, तो कळणे आणि बोटे ब्रेकवर दाबली जाणे यांत एक सेकंद गेला असे धरले, तर ब्रेक लागण्यापूर्वीच ११ मीटर संपतात. कोरड्या रस्त्यावर दोन्ही ब्रेक चांगले लावल्यास आणखी सुमारे १२ मीटर लागतात. म्हणजे एकूण २३ मीटर. केवळ मागील ब्रेक वापरल्यास हे १२ मीटर २० च्या घरात जातात व एकूण अंतर ३१-३२ मीटर होते. हा आठ मीटरचा फरक म्हणजे दोन मोटारींची लांबी होय. वेग ताशी ६० केला की दोन्ही ब्रेक नीट लावूनही सुमारे ४५ मीटर लागतात. वेग दीडपट झाला, तर अंतर जवळजवळ दुप्पट झाले. नवशिक्यांना हे पटत नाही, कारण वेगाच्या काट्यावर ४० आणि ६० यांमध्ये बोटभरही अंतर नसते.

आता सराव कसा करावा ते पाहू. मोकळ्या जागेत ताशी २० किलोमीटर वेगाने सरळ यावे. ठरलेल्या खुणेपाशी मूठ पूर्ण बंद करावी आणि त्याच वेळी दोन्ही ब्रेक हळुवारपणे लावावेत. लिंबू पिळताना बोटे जशी क्रमाक्रमाने घट्ट होतात तसा पुढील ब्रेक आवळीत न्यावा. झटका देऊ नये. पहिल्या हलक्या दाबाने वजन पुढे येते, आणि ते आल्यानंतरच टायर मोठा दाब सोसू शकतो. हँडल सरळ, नजर समोर. खुणेपासून किती अंतरावर थांबलो ते पावलांनी मोजावे. असे दहा-बारा वेळा केल्यावर वेग ३० व पुढे ४० करावा. चाक घसरल्याचे जाणवले तर तो ब्रेक किंचित सैल करावा. पुढील चाक घसरले तर सैल करण्यास क्षणाचाही विलंब नको. थांबलेल्या पुढील चाकावर दुचाकीचा तोल राहू शकत नाही.

मोजलेले अंतर दिवसागणिक कमी होत जाते, आणि ही प्रगती शिकणाऱ्याला स्वतःच्या डोळ्यांनी दिसते. आठवड्यातून पंधरा मिनिटे या कामी दिली तर दोन महिन्यांत जो फरक पडतो तो वर्षभर रहदारीत फिरूनही पडत नाही, असे आमचे मत आहे. रहदारीत पूर्ण ब्रेक लावण्याचा प्रसंग क्वचित येतो, आणि येतो तेव्हा तो सराव नसतो.

नव्या गाड्यांत काही साहाय्यही मिळते. १ एप्रिल २०१९ पासून भारतात विकल्या जाणाऱ्या १२५ घन सेंटिमीटरपर्यंतच्या दुचाकींना निदान संयुक्त ब्रेक-यंत्रणा असणे बंधनकारक झाले. तिच्यात डावा ब्रेक दाबला की मागील चाकाबरोबर पुढील चाकालाही काही अंशी ब्रेक लागतो. त्याहून मोठ्या इंजिनांसाठी चाक घसरू न देणारी यंत्रणा सक्तीची झाली. पहिली यंत्रणा उपकारक आहे, पण तिने उजव्या हाताची सुटका होत नाही. पूर्ण जोराने थांबावयाचे तर उजवा ब्रेकही लावावाच लागतो. आणि जुनी स्कूटर विकत घेणाऱ्याने तिच्यात हे काहीच नसेल असे गृहीत धरलेले बरे.

घाटाच्या उताराविषयी थोडे सांगितले पाहिजे. गिअरच्या स्कूटरवर उतरताना खालचा गिअर ठेवला की इंजिनच गाडीला आवरून धरते. गिअर नसलेल्या पेट्रोलच्या स्कूटरमध्ये वेग फार कमी झाला की क्लच आपोआप सुटतो आणि गाडी मोकळी घरंगळू लागते. मूठ क्षणभर किंचित उघडली की क्लच पुन्हा धरतो. तेवढे करूनही मुख्य भार ब्रेकवरच पडतो. तो सतत हलका दाबून ठेवला तर ब्रेक तापतो आणि त्याची पकड कमी होते. म्हणून ठरावीक अंतराने थोडा जोर देऊन वेग उतरवावा व पुन्हा सोडावा.

वळण

वळणावर नवशिक्याची एक ठरावीक चूक होते. तो वेगाने आत शिरतो, मध्यावर घाबरतो आणि ब्रेक दाबतो. वळताना टायरची पकड गाडीला वळवण्यात खर्च होत असते. त्यातून ब्रेकसाठी फारसे शिल्लक उरत नाही. म्हणून वेग जो कमी करावयाचा तो गाडी सरळ उभी असताना, वळणाच्या अलीकडे. आत शिरल्यावर मूठ किंचित उघडी व स्थिर ठेवावी आणि वळण जेथे संपते तिकडे पाहावे.

वळते कशी, याची गंमत मात्र थोड्यांनाच ठाऊक असते. अमेरिकेतील डेटन गावी सायकलींचे दुकान चालवणाऱ्या विल्बर राइटने पुष्कळ सायकलस्वारांना विचारले होते की डावीकडे वळताना तुम्ही प्रथम काय करता. जवळजवळ सर्वांनी हँडल डावीकडे वळवतो असे सांगितले. प्रत्यक्षात ते आधी निमिषभर उजवीकडे वळवीत; त्यामुळे सायकल डावीकडे कलत असे व मग वळत असे. स्कूटरही ताशी वीस-पंचवीस किलोमीटरच्या पुढे अशीच वळते. डावीकडे जावयाचे तर डावी मूठ हलकेच पुढे ढकलावी, गाडी डावीकडे कलते. नुसते कुतूहल म्हणून हे सांगितलेले नाही. समोर अचानक कुत्रे किंवा दगड आला असता केवळ अंग झुकवून गाडी वेळेत वळत नाही. मुठीवरील या छोट्याशा दाबाने ती तत्काळ वळते. रिकाम्या मैदानात दोन विटांमधून बाजू काढण्याचा सराव करून हे हातात बसवावे.

रहदारी

हर्ट यांच्या अहवालात आणखी एक निष्कर्ष होता. दुसऱ्या वाहनाशी झालेल्या टकरींपैकी दोनतृतीयांशांत चूक त्या दुसऱ्या वाहनाची होती, आणि सर्वांत नेहमीचा प्रसंग म्हणजे समोरून येणारी मोटार मोटरसायकलच्या आडवी वळणे. तेथे वाहने उजव्या बाजूने चालतात, म्हणून मोटार आपल्या डावीकडे वळत होती. आपल्याकडे चित्र आरशात पाहावे तसे उलटे होते: चौकात समोरून येणारी रिक्षा किंवा मोटार तिच्या उजवीकडे वळते आणि आपल्या वाटेत येते. तिच्या चालकाने बहुधा आपल्याला पाहिलेलेच नसते. दुचाकी अरुंद असते. दुरून तिचा वेग ओळखता येत नाही, आणि मोटारींच्या शोधात असलेली नजर तिच्यावरून घसरते. यासाठीच १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा पुढील दिवा दिवसाही आपोआप चालू राहतो.

म्हणून चौक जवळ आला की मूठ सोडावी आणि बोटे दोन्ही ब्रेकवर आणावीत. एवढ्यानेच त्या एका सेकंदातील बराचसा भाग वाचतो. समोरच्या चालकाच्या चेहऱ्यापेक्षा त्याच्या पुढील चाकाकडे लक्ष ठेवावे. डोळ्याला डोळा भिडला म्हणजे त्याने आपल्याला पाहिले, असे मानता येत नाही. चाक मात्र हलले की लगेच दिसते.

बस किंवा ट्रक यांच्या डाव्या बाजूने पुढे घुसण्याची सवय सर्व शहरांत आहे आणि तिच्याइतकी घातक सवय दुसरी नाही. मोठे वाहन डावीकडे वळताना त्याची मागील चाके पुढील चाकांपेक्षा अधिक आतून जातात. जो पट्टा मोकळा दिसत होता तो पाहता पाहता बंद होतो, आणि चालकाला त्या कोपऱ्यातील स्कूटर आरशात दिसतही नाही. आपल्याला त्याच्या आरशात त्याचा चेहरा दिसत नसेल, तर त्याला आपण दिसत नाही असे समजून मागे राहावे. उभ्या मोटारींच्या रांगेलगत जातानाही एका दाराच्या रुंदीएवढे अंतर सोडावे. मग मागचे लोक भोंगा वाजवतील; वाजवू द्यावा.

पाऊस, वाळू, रूळ

पहिल्या पावसात रस्ता सर्वांत निसरडा असतो. उन्हाळाभर डांबरावर साचलेले तेल व धूळ पाण्यात मिसळून त्यांचा पातळ थर पसरतो. चांगल्या सरीनंतर तो बराचसा धुऊन जातो. पहिल्या अर्ध्या तासात निघणे टाळता आले तर टाळावे. ओल्या रस्त्यावर पांढरे पट्टे, गटारांची लोखंडी झाकणे व चौकातील तेलाचे डाग ही स्कूटरसाठी काचेसारखी असतात. साचलेल्या पाण्याखाली काय आहे ते कळत नाही; पुढे गेलेल्या वाहनाचे चाक किती खाली गेले ते पाहून मग जावे. पाण्यातून बाहेर आल्यावर ब्रेक दोन-तीनदा हलके लावून कोरडे करावेत.

लोखंडी रूळ ओलांडताना, मग ते रेल्वेच्या फाटकातील असोत वा कोलकात्याच्या काही रस्त्यांवर अजून असलेले ट्रामचे असोत, शक्य तितके काटकोनात जावे. तिरकस गेल्यास लहान चाक खोबणीत अडकते. रूळावर ब्रेक लावू नये. वाळू किंवा खडी अचानक आली तर ब्रेक व वळण दोन्ही सोडून, हँडल सैल धरून सरळ पार व्हावे. खड्डा टाळता येण्यासारखा नसेल तर त्याच्या आधी ब्रेक लावावा आणि काठाशी येताच सोडून द्यावा; ब्रेक लागलेले पुढील चाक खड्ड्यात गेले तर धक्का कितीतरी मोठा बसतो. टायरमधील हवा आठवड्यातून एकदा थंड टायरवर तपासावी, इतके त्याविषयी पुरे.

डोके, कपडे आणि मागे बसणारा

ताशी ४० किलोमीटर वेगाने डोके एखाद्या कठीण वस्तूवर आदळणे म्हणजे सुमारे सहा मीटर, दोन मजले, उंचीवरून पडण्यासारखे आहे. ‘मी गावातल्या गावातच जातो’ असे म्हणणाऱ्यांसाठी हा आकडा पुरेसा आहे. गावातल्या गावातच हा वेग असतो. जून २०२१ पासून भारतात दुचाकीस्वारांसाठी केवळ भारतीय मानक चिन्ह असलेली हेल्मेटेच विकता येतात. हनुवटीखालचा पट्टा बांधला नाही तर पहिल्या आघातात हेल्मेट निघून जाते आणि डोके दुसऱ्या आघाताला उघडे राहते. पट्टा बांधून हेल्मेट मागून पुढे ढकलून पाहावे. ते डोक्यावरून निसटले तर माप मोठे आहे.

आपल्या देशात एका बाजूस दोन्ही पाय सोडून बसण्याची रीत आहे. साडीचा पदर, ओढणी, धोतराचा सोगा चाकात जाऊन गंभीर इजा झाल्याच्या घटना घडतात, आणि ओढणी गळ्याभोवती असेल तर परिणाम भयंकर होतो. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १२३ व्या नियमानुसार मागे बसणाऱ्यासाठी पकडण्याची मूठ, पाय ठेवण्याची जागा आणि मागील चाकाचा निदान अर्धा भाग झाकणारी जाळी असावी लागते. ही जाळी ‘शोभत नाही’ म्हणून काढून टाकणारे लोक आहेत. पदर खोचून व ओढणी मागे गाठ मारून मगच निघावे. शक्य असेल तेथे दोन्ही बाजूंना पाय टाकून बसणे केव्हाही अधिक सुरक्षित, कारण एका बाजूस बसलेल्या व्यक्तीचे वजन मध्यरेषेवर नसते आणि ब्रेक लागताच तिला स्वतःला सावरण्यास आधार कमी मिळतो.

चार वर्षांहून मोठ्या प्रत्येकास कायद्याने हेल्मेट आवश्यक आहे. २०२२ साली काढलेल्या व पुढील वर्षी अंमलात आलेल्या नियमांनी नऊ महिने ते चार वर्षे या वयाच्या मुलांसाठीही हेल्मेट सांगितले, चार वर्षांखालील मुलाला चालकाशी बांधून ठेवणारा सुरक्षापट्टा लावण्यास सांगितले, आणि असे मूल बरोबर असताना वेगाची मर्यादा ताशी ४० किलोमीटर ठरवली. मुलाला पुढे, पाय ठेवण्याच्या जागेवर उभे करणे सर्वत्र दिसते. त्याचे हात हँडलवर असतात. ब्रेक लागला की ते मूल हँडल धरून लटकते अथवा उजवी मूठच फिरवते. पुढून टक्कर झाली तर चालकाचे सगळे वजन त्या मुलावर येते.

शिकाऊ परवाना असेपर्यंत शिक्षकाखेरीज कोणालाही मागे बसवण्याची मुभा नाही, आणि हा नियम योग्यच आहे. पक्का परवाना मिळाल्यावर प्रथम मागे बसवावयाचा तो सवयीचा, अंग सैल न सोडणारा प्रौढ माणूस असावा. साठ किलोचे वजन मागे आले की पुढील चाक हलके होते, हँडल हातात निराळेच लागते, निघताना गाडी डगमगते आणि थांबण्याचे अंतर बदलते. मागील टायरमध्ये कंपनीने दुहेरी स्वारीसाठी सांगितलेली हवा भरून, त्या माणसाला घेऊन पुन्हा त्याच मोकळ्या आवारात जावे आणि ताशी २० किलोमीटरपासून ब्रेकचा सराव नव्याने सुरू करावा.